छतावरची वीज आणि वितरण कंपन्यांपुढचे गणित

१९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज येऊ लागली. तेव्हापासून सुमारे शंभर वर्षे विजेच्या प्रवासाची दिशा ठरलेली होती. दूरच्या केंद्रात वीज तयार व्हायची, उच्च दाबाच्या वाहिन्यांवरून शहराच्या वेशीपर्यंत यायची, उपकेंद्रात तिचा दाब उतरायचा, गल्लीतल्या रोहित्रातून ती घराघरांत पोहोचायची आणि मीटरवरील नोंदीप्रमाणे महिनाअखेरीस देयक हाती पडायचे. या व्यवस्थेत ग्राहक हा केवळ घेणारा होता. छतावरील सौर संचांनी ही दिशा प्रथमच उलटी केली. भर दुपारी घरात माणसे नसतात, पंखे बंद असतात आणि छतावरचे पॅनेल मात्र वीज तयार करीत असते. ही वीज त्याच तारेतून, त्याच मीटरमधून बाहेर पडते आणि शेजाऱ्याच्या घरात जाते. ग्राहक त्या काही तासांपुरता उत्पादक होतो.

पर्यावरणाच्या दृष्टीने ही गोष्ट स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या कंपन्यांच्या तारांवर ही देवाणघेवाण चालते, त्यांचा हिशेब आणि त्यांची यंत्रणा या दोहोंची मांडणी एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठी झालेली होती. ती बदलण्याचा खटाटोप आज जगभरच्या वीज कंपन्या करीत आहेत. त्यातून जे नियम आकाराला येतील, त्यांवर छतावर पॅनेल बसविणाऱ्याचे आणि न बसविणाऱ्याचेही वीजदेयक अवलंबून राहणार आहे.

नेट मीटरिंगचा हिशेब

महाराष्ट्राच्या हवामानात एक किलोवॉट क्षमतेचा संच दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. उन्हाळ्यात हे प्रमाण वाढते, पावसाळ्यात बरेच घटते. अशा एका किलोवॉटसाठी सुमारे शंभर चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते. मध्यमवर्गीय कुटुंबाला साधारणतः तीन किलोवॉटचा संच पुरेसा ठरतो.

समजा, एखाद्या घराचा महिन्याचा वापर ३०० युनिटचा आहे. त्यापैकी ९० युनिट दिवसा आणि २१० युनिट सूर्यास्तानंतर वापरले जातात. छतावरील संच महिन्याला ३३० युनिट निर्माण करतो. दिवसाची ९० युनिटची गरज थेट भागते; उरलेले २४० युनिट वितरण कंपनीच्या तारेत जातात. रात्रीचे २१० युनिट कंपनीकडून घेतले जातात. नेट मीटरिंगच्या पद्धतीत या दोन आकड्यांची वजाबाकी होते. दिलेले २४० आणि घेतलेले २१०, म्हणजे ३० युनिट ग्राहकाच्या खाती शिल्लक. ती पुढील महिन्यांत वळती होते. विजेचे मूल्य शून्य होऊन देयकात मुख्यतः स्थिर आकार तेवढा उरतो.

या हिशेबात दुपारी बारा वाजता दिलेले युनिट आणि रात्री नऊ वाजता घेतलेले युनिट यांची किंमत एकच धरली जाते. ग्राहकाच्या दृष्टीने वितरण कंपनीची तार ही जणू फुकट मिळालेली बॅटरी असते. सौर संचांचा प्रसार व्हावा म्हणून आरंभीच्या काळात ही सवलत जाणीवपूर्वक दिली गेली, आणि संच महाग होते तोवर ती योग्यही होती. संच स्वस्त होऊन त्यांची संख्या वाढू लागली तेव्हा मात्र तिची किंमत दिसू लागली.

तारांचा खर्च कोणी उचलायचा?

वितरण कंपनीचे सगळेच खर्च विजेच्या वापरानुसार कमीजास्त होत नाहीत. खांब, तारा, रोहित्रे, उपकेंद्रे, दुरुस्तीची पथके, कर्जावरील व्याज आणि वीज केंद्रांशी केलेल्या दीर्घ मुदतीच्या करारांतील स्थिर रक्कम हा सारा खर्च वीज विकली गेली काय किंवा न गेली काय, करावाच लागतो. घरगुती ग्राहकाकडून मात्र यातील मोठा भाग प्रत्येक युनिटच्या दरातून वसूल होतो. वरील उदाहरणातील ग्राहक रात्री २१० युनिटसाठी कंपनीची तार वापरतो. पण त्या तारेच्या खर्चातील त्याचा वाटा जवळजवळ नाहीसा होतो. तो खर्च मग इतर ग्राहकांच्या दरात शिरतो.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्रात घरगुती दर टप्प्यांनुसार आकारले जातात. पहिल्या शंभर युनिटचा दर सर्वांत कमी आणि पाचशे युनिटच्या पुढचा सर्वांत जास्त असतो. उद्योग, व्यापारी आस्थापना आणि अधिक वीज वापरणारी घरे यांच्या चढ्या दरांतून शेतकरी आणि अल्प वापराच्या ग्राहकांना दिलासा दिला जातो. महागडे युनिट वाचविण्यात ज्याचा फायदा सर्वाधिक, तोच ग्राहक सर्वप्रथम सौर संच बसवितो. म्हणजे ज्याच्या देयकातून इतरांचा भार हलका होत होता, तोच आधी बाहेर पडतो. दर वाढले की उरलेल्यांनाही संच बसविणे परवडू लागते, आणि हे चक्र पुढे चालू राहते.

या युक्तिवादाला उत्तरही आहे. छतावर तयार झालेली वीज शेजारच्या घरातच वापरली जात असल्याने लांबच्या वहनातील गळती टळते. भर उन्हाळ्यात, वातानुकूलन यंत्रांमुळे दुपारची मागणी वाढते तेव्हा बाजारातून महाग वीज घ्यावी लागत नाही. प्रत्येक राज्याला ठरवून दिलेला नवीकरणीय विजेचा वाटाही त्यामुळे पूर्ण होण्यास मदत होते. तेव्हा प्रश्न आहे तो या लाभाची आणि तारेच्या खर्चाची किंमत किती धरायची, हा. नियामक आयोगांपुढील बहुतेक वाद शेवटी याच एका आकड्यापाशी येऊन थांबतात.

दुपारची सुबत्ता, संध्याकाळची टंचाई

आर्थिक प्रश्नापेक्षा तांत्रिक प्रश्न कमी गंभीर नाही. वीज तयार होते त्याच क्षणी वापरली जावी लागते. मागणी आणि पुरवठा यांचा तोल जरा ढळला, तरी ५० हर्ट्झ ही वारंवारता हलू लागते. सौर संच वाढले की दुपारी कंपनीकडील मागणी खोल खाली जाते. सायंकाळी सूर्य मावळतो, नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, दूरचित्रवाणी आणि स्वयंपाकघरातील उपकरणे सुरू होतात. दोन-तीन तासांत मागणी एकदम उसळते. कॅलिफोर्नियातील वीज यंत्रणेच्या संचालकांनी २०१३ मध्ये हा दिवसभराचा आलेख प्रसिद्ध केला, तेव्हा तो बसलेल्या बदकासारखा दिसतो असे लक्षात आले. तेव्हापासून तो ‘डक कर्व्ह’ या नावाने ओळखला जातो. कोळशावरील केंद्रे इतक्या झटपट कमीअधिक करता येत नाहीत. दुपारी त्यांना मंद आचेवर ठेवावे लागते आणि संध्याकाळी जलविद्युत, वायू केंद्रे किंवा बॅटऱ्या यांची मदत घ्यावी लागते.

गल्लीतील रोहित्रापाशी समस्येचे स्वरूप निराळे असते. एकाच रोहित्रावर अनेक संच असले आणि दुपारी वापर कमी असला, की वीज उलट्या दिशेने वाहते व वाहिनीच्या टोकाकडील घरांत विजेचा दाब वाढतो. तो मर्यादेबाहेर गेला तर इन्व्हर्टर आपोआप बंद पडतात. ऊन लख्ख असूनही संच वीज का देत नाही, असे कोडे अशा वेळी ग्राहकाला पडते.

जर्मनीतील एक उदाहरण बोधप्रद आहे. तेथील जुन्या नियमानुसार वारंवारता ५०.२ हर्ट्झवर गेली की सौर संचांनी तत्काळ बंद व्हावे, अशी रचना होती. संच मोजके होते तोवर हा नियम निर्धोक होता. पुढे लाखो संच बसले आणि ते सगळे एकाच क्षणी बंद पडले तर युरोपची वीज यंत्रणाच कोलमडेल, हे ध्यानी आले. अखेर २०१२ मध्ये नियम करून तीन लाखांहून अधिक संचांच्या इन्व्हर्टरमध्ये फेरबदल करण्याचे काम हाती घ्यावे लागले. आरंभी किरकोळ वाटणारा तांत्रिक नियम पुढे किती महाग पडू शकतो, याचा हा धडा होय.

अमेरिकेतील अनुभव

नेट मीटरिंगचा मार्ग चोखाळणाऱ्या काही प्रांतांनी पुढे तो बदलला. हवाई बेटांवर वीज प्रामुख्याने आयात केलेल्या तेलावर तयार होत असल्याने महाग होती. साहजिकच छतोछती पॅनेल दिसू लागले. वाहिन्यांची क्षमता संपत आल्याने ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथील नियामक आयोगाने नव्या ग्राहकांसाठी नेट मीटरिंग बंद केले. त्यानंतर बॅटरीसह बसविलेले, वीज घरातच वापरणारे संच पुढे आले.

कॅलिफोर्नियाने डिसेंबर २०२२ मध्ये नवा निर्णय घेतला आणि १५ एप्रिल २०२३ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी तो लागू झाला. यात ग्राहकाने तारेत सोडलेल्या विजेला किरकोळ विक्रीचा दर मिळत नाही. त्या विजेमुळे कंपनीचा जेवढा खर्च वाचतो, तेवढाच मोबदला मिळतो. सरासरीने हा मोबदला पूर्वीपेक्षा सुमारे ७५ टक्क्यांनी घटला. मात्र तो तासातासाला वेगळा असतो. संध्याकाळी, विशेषतः उन्हाळ्याच्या अखेरीस, तो बराच चढतो. परिणामी नव्या संचांसोबत बॅटरी घेण्याचे प्रमाण झपाट्याने वाढले. त्याच वेळी संच बसविण्याच्या व्यवसायाला जबर फटका बसला आणि अनेकांचे रोजगार गेले, हेही नोंदविले पाहिजे. जुन्या ग्राहकांच्या अटी मात्र ठरल्या मुदतीपर्यंत कायम ठेवण्यात आल्या. मे २०२४ मध्ये तेथे मोठ्या खासगी कंपन्यांच्या ग्राहकांसाठी दरमहा सुमारे २४ डॉलरच्या स्थिर आकारालाही मंजुरी मिळाली. अल्प उत्पन्न गटांसाठी तो कमी ठेवण्यात आला.

दक्षिण ऑस्ट्रेलियाची वाट

या विषयात सर्वांत पुढे गेलेला प्रदेश म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलिया. तेथील एक तृतीयांशाहून अधिक घरांवर सौर संच आहेत. ३१ डिसेंबर २०२३ रोजी दुपारी काही काळ या राज्याची यंत्रणेकडील मागणी शून्याच्याही खाली गेली. छतांवरची वीजच राज्याच्या गरजेपेक्षा जास्त झाली होती.

तेथील वितरण कंपनीने बंदीचा मार्ग न धरता तीन उपाय योजले. पहिला उपाय दराचा. जुलै २०२० पासून सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेतील वापरासाठी तारांचा आकार नेहमीच्या एक चतुर्थांशावर आणण्यात आला. दुपारची जादा वीज शोषून घ्यावी म्हणून या दराला ‘सोलर स्पंज’ म्हणतात. पाणी तापविण्याची यंत्रे पूर्वी रात्री चालत, ती दुपारी चालू लागली.

दुसरा उपाय लवचीक मर्यादेचा. गजबजलेल्या वाहिन्यांवर ग्राहकापुढे दोन पर्याय ठेवले जातात. वर्षभर १.५ किलोवॉटपेक्षा जास्त वीज बाहेर न सोडण्याची कायमची अट, किंवा वाहिनीवर जागा असेल तेव्हा १० किलोवॉटपर्यंत वीज सोडण्याची मुभा. दुसऱ्या पर्यायात ही मर्यादा इंटरनेटद्वारे इन्व्हर्टरला दर काही मिनिटांनी कळविली जाते.

तिसरा उपाय आणीबाणीचा. सप्टेंबर २०२० पासून बसणारा प्रत्येक नवा संच गरज पडल्यास दुरून बंद करता येईल, असा नियम करण्यात आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये वादळाने पारेषणाचा मनोरा कोसळला आणि हे राज्य सुमारे आठवडाभर देशाच्या वीज यंत्रणेपासून तुटले. तेव्हा या अधिकाराचा वापर करून छतांवरील निर्मिती काही काळ आवरावी लागली आणि राज्य अंधारात जाण्यापासून वाचले. पुढे, जुलै २०२५ पासून ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने घरगुती बॅटऱ्यांच्या खरेदीवर सुमारे ३० टक्के सवलत सुरू केली.

महाराष्ट्रातील वाटचाल

आपल्या राज्यात वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये छतावरील सौर संचांसाठी नेट मीटरिंगची नियमावली केली. त्या वेळी एका रोहित्राच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंतच सौर संच जोडण्यास परवानगी होती. २०१९ च्या सुधारित नियमावलीत ही मर्यादा ७० टक्क्यांवर नेण्यात आली. या नियमावलीच्या मसुद्यात नेट मीटरिंगला कात्री लावण्याचा प्रस्ताव होता. त्यावर ग्राहक संघटना व उद्योजकांनी जोरदार हरकती घेतल्या आणि अंतिम नियमांत नेट मीटरिंग टिकले. मात्र राज्यातील छतावरील संचांची एकूण क्षमता ५,००० मेगावॉटवर गेल्यानंतर ‘ग्रिड सपोर्ट चार्ज’ आकारण्याची वाट मोकळी ठेवण्यात आली. १० किलोवॉटपर्यंत मंजूर भार असलेल्या घरगुती ग्राहकांना त्यातून वगळण्यात आले.

केंद्राच्या पातळीवरही अशीच ओढाताण झाली. डिसेंबर २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी नेट मीटरिंग १० किलोवॉटपुरते मर्यादित केले होते. टीकेनंतर जून २०२१ मध्ये ही मर्यादा ५०० किलोवॉट किंवा मंजूर भार यांपैकी जी कमी असेल ती, अशी बदलण्यात आली. २०२४ च्या दुरुस्तीने १० किलोवॉटपर्यंतच्या संचांसाठी तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट काढली, आणि ५ किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी यंत्रणा बळकट करावी लागल्यास तो खर्च वितरण कंपनीवर टाकला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू झाली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत एका किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान ठरविण्यात आले. मार्च २०२५ पर्यंत देशातील दहा लाख घरांचा टप्पा ओलांडला गेला. क्षमतावाढीसाठी वितरण कंपन्यांनाही प्रोत्साहनपर रक्कम ठेवण्यात आली, कारण त्यांनी मनापासून साथ दिली नाही तर योजना अर्जांच्या गठ्ठ्यातच अडकेल, हा पूर्वानुभव होता. २०२२ पर्यंत देशात छतावर ४० हजार मेगावॉटचे उद्दिष्ट पूर्वी हुकले होते.

यापुढील पाऊल वेळेनुसार दराचे आहे. २०२३ मध्ये केंद्राने नियम करून सौर तासांतील दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असे सांगितले. त्यासाठी वेळेची नोंद ठेवणारे मीटर लागतात. प्रीपेड स्मार्ट मीटरला झालेल्या विरोधानंतर ते सर्वसामान्य ग्राहकांकडे बसविणार नाही, असे राज्य सरकारने २०२४ मध्ये जाहीर केले; त्यानंतर महावितरणने टीओडी मीटर बसविण्यास आरंभ केला. २०२५ च्या सुरुवातीस महावितरणच्या दरप्रस्तावावरील चर्चेत, सौर तासांत दिलेली वीज रात्रीच्या वापरात वळती करता यावी की नाही, हा मुद्दा ऐरणीवर आला व त्यावर आक्षेपांची मोठी लाट उसळली. कॅलिफोर्निया आणि हवाईमध्ये जे घडले, त्याचीच ही आपल्याकडील चाहूल म्हणावी लागेल.

महाराष्ट्राची एक जमेची बाजू मात्र ध्यानात घेतली पाहिजे. राज्यातील शेतीपंपांचा वापर मोठा आहे आणि तो रात्रीवरून दिवसावर आणता येतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ पासून दुसऱ्या टप्प्यात विस्तारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू हाच आहे. शेतकऱ्याची रात्रीच्या अंधारात पाणी देण्याची यातायात त्यामुळे टळते आणि दुपारच्या विजेला हक्काचे गिऱ्हाईक मिळते. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले, तेव्हा छतावरची वीज ही केवळ शहरी हौस नाही, हेही दिसून आले.

ज्यांना स्वतःचे छत नाही

मुंबईतील चाळीत राहणारे कुटुंब, भाड्याच्या घरातील नोकरदार, वीस मजली इमारतीतील सदनिकाधारक यांचे काय? इमारतीची गच्ची सर्वांची आणि तीही पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली व मनोरे यांनी व्यापलेली. सहकारी गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप व जिन्यातील दिवे अशा सामायिक वापरासाठी ५०० किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट १८ हजार रुपये अनुदान मिळू शकते. घराच्या देयकात मात्र त्याने थेट फरक पडत नाही.

यावर एक उत्तर म्हणजे आभासी नेट मीटरिंग. संच दुसरीकडे बसतो आणि त्यातील वीज अनेक सदस्यांच्या देयकांत वाटून वळती होते. दिल्लीच्या नियामक आयोगाने २०१९ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. दुसरे उत्तर, कंपनीने किंवा तिने नेमलेल्या संस्थेने स्वखर्चाने संच बसवावा आणि घरमालकाने केवळ छत द्यावे. सूर्यघर योजनेत अशी तरतूद आहे. छताच्या मालकीवर सवलतीचा हक्क ठरू लागला, तर चाळीतल्या ग्राहकाने बंगल्यातल्या ग्राहकाचा तारखर्च उचलायचा, अशी विपरीत स्थिती ओढवेल. ती टाळणे ही नियामकांची सर्वांत मोठी कसोटी आहे.

संच बसविण्यापूर्वी

ग्राहकाने काही गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. बॅटरी नसलेला, तारेशी जोडलेला संच वीज गेल्यावर बंद पडतो. हा दोष नाही. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला छतावरून येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून केलेली ती सोय आहे. संचाचे आयुष्य पंचवीस वर्षांचे, पण दरांचे नियम त्यापूर्वी अनेकदा बदलतील. म्हणून आपला करार किती वर्षांचा आहे आणि त्यातील अटी तोवर कायम राहतील का, हे वाचूनच सही करावी. वर्षाच्या गरजेहून मोठा संच बसविण्यात लाभ नाही, कारण वर्षअखेरीस शिल्लक युनिटला मिळणारा मोबदला आपण देतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याचा पंप, गिझर, विजेवरील दुचाकीचे चार्जिंग यांपैकी जे दिवसा करता येईल ते दिवसा करण्याची सवय लावावी. नियम कोणत्याही दिशेने बदलले, तरी घरातच वापरलेल्या युनिटचे मोल टिकून राहते.

वितरण कंपन्यांचा व्यवसाय युनिट विकण्याचा होता. तो हळूहळू तार सांभाळण्याचा आणि त्या तारेवरील देवाणघेवाणीचा तोल राखण्याचा होत आहे. हा बदल होत असताना सौरग्राहकाला दिलेला शब्द मोडता कामा नये आणि ज्याच्या डोक्यावर स्वतःचे छत नाही, त्याच्या देयकावर त्याचा बोजाही पडता कामा नये. या दोन अटी एकाच वेळी पाळणारी दररचना ज्या राज्याला साधेल, तेथेच छतावरची वीज दीर्घकाळ नांदेल.